तेल मागणाऱ्याचं नाव

"आणि तेल दिलंच नाही, तर तो काय करतो?" डॉक्टरीणबाईंनी हसत विचारलं.

"कुणास ठाऊक," तेल्याबाबा म्हणाले. "न देणारा अजून कोणी आला नाही."

तोरणमाळच्या घाटात बाबांची झोपडी. समोर एक दगड, तेल पिऊन पिऊन काळा झालेला. या डोंगरात एक जण फिरतो म्हणतात. कपाळावर जखम. ती भरत नाही, आणि त्याला मरण नाही. येणारा-जाणारा त्याच्या नावानं वाटीभर तेल दगडावर ओततो. नावानं म्हणजे काय, नाव विचारायचंच नाही. मागे बघायचं नाही. एवढीच इथली रीत.

डॉक्टर मृणाल टिपरे पुण्याच्या. वीस वर्षं स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन. पदव्या इतक्या, की दारावरच्या पाटीवर नावाला जागा उरली नसेल.

"तू काय करतेस, पोरी?" बाबा शेंगा सोलत होते.

"मीही तेला-चरबीतलीच, बाबा. पेशीच्या कातडीत चरबी असते. तिचे बारीक तुकडे निघतात आणि निरोप देतात. एक तुकडा सांगतो, वाढ. त्याचाच भाऊ सांगतो, पुरे, आता मर."

"आणि कॅन्सरात?"

"पहिला ओरडत राहतो. दुसऱ्याचं कोणी ऐकत नाही."

बाबांशेजारी शेंगा खात बसलेला मी चौथी नापास, पण हे मला लगेच कळलं. आमच्या घरात असंच चालतं.

"हे तू पाहिलंस कुठे?"

"बाटलीत. एका बाईच्या गाठीतल्या पेशी आहेत. ती माझ्या जन्माआधीच वारली. पेशी अजून वाढतायत."

बाबांचा हात शेंगेवर थांबला.

"वारली... आणि वाढतेय?"

"दर दोन-तीन दिवसांनी खाऊ घालतो आम्ही."

"नाव काय तिचं?"

"नाव कुठलं, बाबा! नंबर असतो."

बाबांचे ओठ हलले.

"हसताय का?"

"नाही. आणि हिचा नंबर काय?"

"कोणाचा?"

"आल्यापासून जिच्यावर हात ठेवून बसलीस तिचा."

बाईंचा उजवा हात डाव्या काखेपाशी होता, ओढणीखाली. तो त्यांनी झटकन काढला. हसू तिथंच राहिलं, पण आता ते कोणाचंच नव्हतं.

"गाठ आहे," त्या म्हणाल्या. "चार महिने झाले."

"कोणाला दाखवलीस?"

"मला कोण काय सांगणार? सांगणाऱ्यांना मी शिकवते."

"तपासलीस?"

बाईंनी ओढणी काखेवर ओढून घेतली.

बाबांनी पितळी वाटी मोहाच्या तेलानं काठोकाठ भरली आणि त्यांच्या हातात दिली.

"धर. आला तो."

टळटळीत दुपार. वारा नाही. झोपडीमागे सागाची वाळकी पानं वाजली. एक पाऊल. मग काहीतरी ओढल्यासारखं. मग पुन्हा एक पाऊल. खवट तेलाचा वास आला, आणि त्याच्याखाली दुसरा, खूप दिवस झाकून ठेवलेल्या जखमेचा.

बाईंच्या मानेमागे, अगदी केसांपाशी, कोणीतरी म्हणालं,

"तेल दे..."

पुरुषाचा नाही, कुणा परक्या बाईचा आवाज होता.

लोक माझ्यावर संशय घेतात. मी पूर्वी भुताचा आवाज काढून सरपंचाला चिंचेखालून पळवलं होतं, ते खरं. पण त्या दुपारी मी बाबांच्या शेजारीच बसलो होतो आणि माझं तोंड शेंगांनी भरलेलं होतं. बाबांना विचारा.

बाईंनी डोळे गच्च मिटले.

"बाबा... देऊ की नको?"

"चार महिने काय केलंस?"

"काहीच नाही केलं."

"म्हणजे चार महिने देतच आलीस."

पानं वाजायची थांबली.

बाईंनी डोळे उघडून खाली पाहिलं. हात हलला नव्हता. वाटी कलली नव्हती. ओढणीवर थेंब नाही, जमिनीवर थेंब नाही. आणि वाटी आतून कोरडी, चाटून पुसून घेतल्यासारखी. समोरचा दगडही कोरडा पडला होता. चाळीस वर्षांत तो कोरडा मी कधी पाहिला नव्हता.

हातातल्या शेंगा मी खाली ठेवल्या.

मग बाई उठल्या. फळ्यापाशी बोलावलेल्या मुलीसारखा आवाज झाला होता त्यांचा.

"उद्या सकाळी सुई घालून तुकडा काढून घेते, बाबा. तपासायला देते. कोण आहे ते कळू दे."

"जा."

दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या.

"पण आत्ता ती... ती कोण होती?"

बाबांनी वाटी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि दगडावर पालथी घातली.

"चाळीस वर्षं तेल घातलं, पोरी, विचारायची छाती झाली नाही. तू नाव विचारायलाच निघालीस ना... कळलं की मलाही सांग."