पडद्यावरची हजेरी

मुरवणे बंदरातल्या हिराबाई चोगल्यांना नवऱ्याच्या होडीचा परवाना आपल्या नावावर हवा होता. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती आणि परवान्याशिवाय होडी पाण्यात घालता येत नव्हती. नवरा दूरदेशी जहाजावर नोकरीला. त्याने व्हिडिओ कॉलवर नोटरीसमोर संमतीपत्रावर ऑनलाइन सही केली आणि नोटरीने शिक्का दिला.

जिल्ह्याच्या कचेरीतल्या सरपोतदार साहेबांनी सुनावणीही व्हिडिओ कॉलवरच घेतली. कागद पाहून ते गुरगुरले, "हे चालणार नाही. माणूस पडद्यावर दिसला म्हणजे समोर हजर झाला असं होत नाही. अर्ज नामंजूर."

"बरं साहेब," हिराबाई म्हणाल्या. "मग तेवढं लिहून द्या, की आजच्या सुनावणीला मी हजर नव्हते आणि तुम्हीसुद्धा नव्हता. अर्ज नामंजूर केला कोणी, ते मी वरच्या साहेबांना विचारते."

साहेबांच्या मागे बसलेला कारकून खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाला. साहेबांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला आणि मुकाट्याने मंजुरीची सही केली.

पौर्णिमेला होडी समुद्रात गेली. बंदरावरच्या बायकांनी मात्र साहेबांची नक्कल हिराबाईंकडून इतक्यांदा करून घेतली, की हसता हसता त्यांना आपल्या मासळीच्या पाट्या उचलवेनात.