कव्हरातला स्क्रूड्रायव्हर

फार पूर्वी, घरातली हत्यारं अजून बोलत होती तेव्हा, विसूभाऊंच्या स्वयंपाकघरात एक सुरी होती. विसूभाऊंनी बाजारातून हौसेने नवा स्क्रूड्रायव्हर आणला, पण खराब होईल म्हणून कव्हरासकट हत्यारांच्या डब्यात ठेवून दिला. दाराची कडी ढिली झाली की ते सुरीच उचलत. कांदा अर्धा सोडून ती बिचारी स्क्रू पिळायला जाई. एक दिवस तिचं टोक मोडलं.

"हल्लीच्या वस्तूंत दमच राहिला नाही," म्हणत विसूभाऊंनी तिलाही त्याच डब्यात टाकलं.

सुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्क्रूड्रायव्हरला म्हणाली, "तुझी कामं करून माझं टोक गेलं, आणि तू इथे लोळतोयस."

"खरंय ताई," तो म्हणाला, "पण जरा लांब सरका. माझं कव्हर फाटेल."