बयजाची मातीची अक्षरं

थप्, थप्, थप्. मी लहान होतो तेव्हा शेजारच्या कुंभाराच्या अंगणातून हा आवाज यायचा. ओल्या मडक्यावर लाकडी थापी पडायची. ही गोष्ट तसल्याच एका अंगणातली आहे, बरं का.

एक होती कुंभारीण. तिचं नाव बयजा. तिची लेक चिमा जंगलापलीकडे, बोरवेढा गावी दिलेली. त्या जंगलात राहायचा एक चकवा. चकवा म्हणजे वाट चुकवणारं भूत. तो ओळखीच्या माणसाचं रूप घ्यायचा, गोड बोलायचा आणि भलत्याच वाटेला लावायचा. म्हणून तिथल्या राजाने तीन फाट्यांवर तीन शिळा उभ्या केल्या. कुठली वाट कुठे जाते, ते त्यांवर कोरून घेतलं. ज्याला वाचता येई, तो सुखरूप जाई. बयजाला कुठे वाचता येत होतं? लेकीकडे निघाली, की संध्याकाळी फिरून आपल्याच दारात.

एकदा काय झालं, चिमाला दिवस गेले. तिला सासू नव्हती. "आई, बाळंतपणाला तूच ये," असा तिने निरोप धाडला. बयजा सुनेला म्हणाली, "रुक्मा, मला वाचायला शिकव."

मग रुक्माने पाटीवर अक्षरं काढली. पण बयजाच्या डोळ्यांपुढे ती मुंग्यांसारखी पळायची. रुक्मा म्हणाली, "आत्याबाई, राहू द्या पाटी. मडकं तुम्ही हातानेच ओळखता ना? मग अक्षरंही हातानेच ओळखा."

मग बयजाने मातीच्या वळ्या केल्या. एक अक्षर वळायचं, त्यावरून बोट फिरवायचं, मोठ्याने म्हणायचं. मग दुसरं. नवरा राणोजी हसायचा. "अगं, बाजारात काय मांडू? मडकी की मुळाक्षरं?"

"मडकी मांडा. अक्षरं मला हवीत," बयजा म्हणायची. भट्टीत मडक्यांशेजारी अक्षरं भाजायची. 'ळ' तेवढा दर वेळी तडकायचा. ती पुन्हा करायची.

दिवस भरत आले, तशी बयजा निघाली. चिमालाही शिकवू, म्हणून अक्षरं पिशवीत घेतली.

पहिल्या फाट्यावर एक गुराखी भेटला. "मावशी, बोरवेढा ना? उजवीकडे जा." बयजाने शिळा वाचली. एकेक अक्षर, सावकाश. मग ती डावीकडे गेली.

दुसऱ्या फाट्यावर राणोजी उभा! "अगं बये, चुकलीस. माघारी फीर." बयजाने शिळा वाचली. म्हणाली, "अहो, तुम्ही तर बाजाराला गेलात ना?" आणि पुढे झाली.

तिसऱ्या फाट्यावर चकव्याने धुकं पाडलं. स्वतःचा हातही दिसेना. आणि धुक्यातून चिमाचा आवाज आला. "आई गं! उजवीकडे ये. लवकर ये, मला सोसवत नाही!"

बयजाचा पाय उचलला गेला, पोरांनो. आईच ती. पण हात शिळेवर होता. तिने डोळे मिटले. ओल्या मातीवरून फिरायचं, तसं बोट कोरीव रेघांवरून फिरलं. बो... र... वे... ढा. डा... वी... क... डे. उजवीकडे लेकीचा आवाज रडत होता. बयजाही रडत रडतच डावीकडे वळली.

तेव्हा धुकं विरलं. चकवा आपल्या खऱ्या रूपात उभा होता, वठलेल्या झाडासारखा. तो म्हणाला, "बाई, इतकी वर्षं या दगडाशेजारी काढली. काय लिहिलंय गं त्यावर?"

बयजाला घाई होती. तरी तिने पिशवीतून एक अक्षर काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याचं बोट त्यावरून फिरवलं. "हा ब. बोरवेढ्याचा ब. बाकीची येताना सांगते." आणि ती पळत सुटली.

बयजा वेळेवर पोचली. चिमाला मुलगी झाली. बारशाला राणोजी आणि रुक्मा आले. पुढे चिमाही वाचू लागली, आणि सगळी सुखात राहिली. आता पांघरूण घ्या. डोळे मिटा.

काय म्हणता, चकवा? बयजा परत आली तेव्हा तो शिळेपाशीच बसला होता. ब हातात घट्ट धरून. मग बयजाने बोटाला बोट लावून त्याच्याकडून सगळी शिळा वाचून घेतली. त्याने एकदा वाचली. पुन्हा वाचली. तेवढ्यात एक वाटसरू आला. "बाबा, बोरवेढ्याची वाट कुठली?" चकव्याने त्याच्याकडे पाहिलं. शिळेवरचं शेवाळ हाताने पुसलं. डावीकडे बोट केलं. आणि झाडीत निघून गेला.