चाळीस दिवसांच्या मौनाचा अर्ज

विषय : चाळीस दिवस मठात राहून मौन अनुष्ठान करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : श्री. विश्वंभर खोचरे, भूमापक, यांचा समक्ष दिलेला अर्ज, पौष वद्य तृतीया.

अर्जदाराला अठरा दिवसांपूर्वी मुलगी झाली आहे. याचा उल्लेख अर्जात नाही.

“कारण काय लिहिलंयस?” दौलतगिरी बाबांनी विचारले.

“खाली आहे, बाबा. तिसऱ्या ओळीत.”

“चष्मा आत राहिलाय. तूच सांग.”

“घरी एकाग्रता होत नाही.”

बाबा ऐंशीच्या पुढचे. नदीकाठच्या त्या मठात ते चाळीस वर्षे राहत होते आणि येईल त्याला ‘जागा हो’ एवढाच उपदेश करत होते. विश्वंभर त्यांचा बारा वर्षांचा शिष्य. दर गुरुवारी बंधाऱ्यावरून चालत यायचा, ओसरीच्या कोपऱ्यात मांडी घालायचा आणि दोन-दोन तास बोटही हलवायचा नाही. एकदा त्याच्या गुडघ्यावर चिमणी येऊन बसली होती. ही गोष्ट त्याने स्वतः कधी कोणाला सांगितली नाही. दुसरे कोणी सांगू लागले, तर मात्र तो थांबून ऐकत असे.

दुपारची वेळ होती. पैलतीरावर गुऱ्हाळ चालू होते आणि उकळत्या रसाचा वास पाण्यावरून हळूहळू चालत येत होता. मठाचा पत्रव्यवहार माझ्याकडे असल्याने मी आवक वही घेऊन दाराशी बसलो होतो.

“उभा का? बस की.”

विश्वंभर बसला. बसल्यावरही तो डुलत होता. डावीकडे, उजवीकडे… डावीकडे, उजवीकडे. अगदी थोडा.

बाबा बराच वेळ बघत राहिले.

“कोणाला घेऊन बसलायस?”

“कोणाला नाही.”

“मग हलवतोयस कोणाला?”

विश्वंभरने खाली पाहिले. त्याचे दोन्ही हात छातीशी वळलेले होते. डावे कोपर जरा बाहेर काढलेले. मध्ये कोणी नव्हते.

त्याने हात सोडले आणि मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने ते आपोआप वर आले.

“हेच सांगतोय, बाबा. बारा वर्षांत मिळवलेलं अठरा दिवसांत गेलं.”

“काय मिळवलं होतंस?”

“शांतता.”

“कुठं ठेवली होतीस?”

विश्वंभरने हात पुन्हा मांडीवर दाबले.

“बरं, राहू दे. घरी विचारलंस?”

“कुमुदला? अजून नाही.”

“का?”

“तिथं मंजूर होणार नाही.”

“म्हणून आधी इकडं.”

“तुमची परवानगी असली म्हणजे…”

“म्हणजे तिच्या तोंडाला मी लागायचं.”

विश्वंभरने मान खाली घातली. मान खाली घालूनही डुलणे चालूच होते.

“तसं काही अडणार नाही, बाबा. कुमुदला माहेर नाही, म्हणून माझी आत्या आलीय गावाहून. न्हाऊमाखू, शेक, धुरी, सगळं आत्याच बघते. मला तिथं कामच नाही.”

“दिवसभर काय करतोस मग?”

“दुपटी धुतो.”

“किती?”

“मोजली नाहीत.”

भूमापकाने न मोजलेली ही पहिलीच वस्तू असावी.

“नाव काय ठेवलं लेकीचं?”

“वैजयंता.”

“वीतभर जिवाला एवढं लांब?”

“आत्याची निवड. घरात वैजू म्हणतात.”

“आणि तू?”

“मी… अजून हाक मारलेली नाही.”

“अठरा दिवसांत काहीच बोलला नाहीस तिच्याशी?”

विश्वंभर नदीकडे पाहू लागला. बंधाऱ्यावरून पाणी घसरत होते आणि त्याचा आवाज मठापर्यंत येईतो अर्धा झोपलेला असायचा.

“एकदा बोललो,” तो म्हणाला.

“काय?”

“काल सकाळी कुमुद न्हाणीत होती. आत्या शेगडीशी. पोर माझ्याकडे होती आणि रडत होती. फिरवलं, हलवलं, कानाशी जप केला… थांबेचना. मी ओरडलो.”

“काय म्हणून?”

“गप्प म्हणून.”

“मग?”

“गप्प झाली.”

“झालं की मग काम.”

“नाही, बाबा. ती बघत होती माझ्याकडे. तोंड उघडं… आणि आवाज नाही. मला वाटलं, आता ही परत कधी रडणारच नाही.”

“रडली?”

“रडली. पण तेवढा वेळ…”

त्याचे हात पुन्हा छातीशी वळले.

“म्हणजे मौन तिला लागलं,” बाबा म्हणाले. “आणि अनुष्ठान मागतोयस तू.”

“मी घरात नसलेलंच बरं, बाबा. निदान चाळीस दिवस. तोवर ती जरा मोठी होईल. मीही…”

“हे अर्जात आहे?”

“नाही.”

“मग अर्ज कशाचा आहे?”

करंजाच्या झाडात एक होला घुमत होता. त्याचे बोलणे संपले की दुसरा तेच बोलायचा.

बाबांनी अर्जाची घडी घातली, ओसरीच्या कडेला ठेवली आणि वर पाण्याचा तांब्या ठेवला. घोंगडी ओढून ते कुशीवर आडवे झाले. पाठ शिष्याकडे.

“मला चार महिने झोप नाही,” ते भिंतीला म्हणाले.

“झोप नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. चाळीस वर्षं लोकांना जागं करतोय. अंगवळणी पडलं असेल.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“त्यानं गोळी दिली. आता गोळी घेऊन जागा असतो.”

असल्या वेळी शिष्याने काय बोलावे, हे बारा वर्षांत कोणी शिकवले नव्हते.

“थोपट,” बाबा म्हणाले.

“कोण… मी?”

“अर्ज नीट वाचायचा तर डोकं थाऱ्यावर पाहिजे. थोपट.”

“बाबा, मी पाय चेपतो.”

“झोप पायांना नकोय. पाठीवर थोपट.”

विश्वंभर पुढे सरकला. त्याने हात उचलला, तो थोडा वेळ तसाच धरला आणि मग बाबांच्या पाठीवर आपटला.

“मृदंग आहे का तो?”

त्याने हात हलका केला.

“आता माशी हाकलतोयस.”

तिसऱ्या खेपेला बाबा काही बोलले नाहीत.

त्याने एक पाय दुमडला होता, दुसरा ओसरीबाहेर सोडला होता. कंबर वाकडी, मान कलती. असे बसणाऱ्या साधकांना तो एरवी बाजूला घेऊन समज देत असे. ओठांत जप होता. थोपटण्याच्या लयीत जप चालला होता. मग जपातले एक अक्षर गळाले, मग आणखी एक. शेवटी नुसते “अं… अं…” एवढेच उरले आणि त्याचे काही बिघडले नाही.

ऊन एक पायरी उतरले.

त्याच्या सदऱ्याला ओव्याच्या धुरीचा वास होता. पलीकडून गुळाचा वास येत होता. दोन्ही वास ओसरीवर भेटले आणि तिथेच रेंगाळले. बाबांची छाटी धुऊन धुऊन इतकी विटली होती की तिला भगवी म्हणणे हा केवळ जुना प्रघात होता. जुनेर फाडून शिवलेल्या दुपट्यासारखी मऊ दिसत होती. तिच्याखाली बरगड्या वर यायच्या, खाली जायच्या. वर यायच्या… जरा थांबायच्या. त्या थांबल्या की विश्वंभरचा हातही हवेत थांबायचा. त्या खाली गेल्या की हात खाली यायचा.

पाठ हळूहळू लहान होत चालली होती. निदान दाराशी बसून मला तशी दिसली. आधी म्हाताऱ्याची होती, मग एखाद्या पोराची, मग हातभर, मग त्याच्या तळव्याएवढी. तळवा आणि पाठ, बाकी ओसरी जवळजवळ रिकामी. करंजाची सावली तिच्यावरून जाऊन परत आली. नदीला बंधाऱ्यावरून उतरायचे होते तरी ती उतरत नव्हती.

“वैजू,” विश्वंभर म्हणाला.

अगदी हळू. कोणी ओ दिली नाही.

“वैजू… वैजू गं…”

त्याचा आवाज मी बारा वर्षे ऐकत होतो. हा त्यातला नव्हता.

पुढचा काही काळ दप्तरात नाही. मलाही डुलकी लागली होती, हे नमूद करणे भाग आहे.

डोळे उघडले तेव्हा ऊन अंगणाच्या टोकाला गेले होते. गुऱ्हाळाचा धूर सरळ उभा होता. बाबांचा श्वास लांब चालला होता आणि मध्येमध्ये घशात बारीक घरघर होत होती. चार महिन्यांचे जागरण फेडताना माणूस असाच घोरत असावा.

विश्वंभर होता तसाच होता. वाकडा, कलता, एक पाय खाली मुडपलेला. त्या पायाला मुंग्या येऊन गेल्या असतील, पण त्याच्या चेहऱ्यावर त्याची खबर नव्हती. हात चालला होता. डोळे टक्क उघडे होते आणि त्या पाठीवरून हलत नव्हते.

मी खूण केली. झोपले, म्हणून. आता पुरे.

त्याने मला ओठांवर बोट ठेवून गप्प केले. मी तोंडही उघडले नव्हते.

आणखी थोडा वेळ त्याने थोपटले. मग हलके केले. मग नुसता हात ठेवला. मग करंगळी उचलली, तिच्या शेजारचे बोट उचलले, आणि असा एकेक करत सगळा हात पाठीवरून काढला. काढलेला हात तसाच वर धरून वाट पाहिली.

बरगड्या वर आल्या… थांबल्या… खाली गेल्या.

तो उठला. बधिर झालेला पाय त्याने दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवला. वहाणा घालायच्या तर करकरतील, म्हणून हातात घेतल्या.

मग त्याला अर्ज दिसला. तांब्याखालून त्याचा कोपरा वाऱ्याने उडत होता.

त्याने हात पुढे केला. कागदाला बोट लावले, जरासा ओढला. तांब्या फरशीवर किंचित वाजला.

विश्वंभर जागच्या जागी थिजला. श्वास रोखून त्याने बाबांकडे पाहिले.

बाबा हलले नाहीत.

त्याने कागद सोडून दिला. तसाच वाकलेला, दबक्या पावलांनी पायऱ्यांकडे निघाला. एक पायरी उतरला. दुसरी उतरला. तिसऱ्या पायरीवर त्याने पहिल्यांदा पुरता श्वास घेतला.

भिंतीकडे तोंड करून पडलेले बाबा म्हणाले,

“का थांबलास?”

फाल्गुन लागला आहे. अर्जदार त्या दिवसापासून घरीच आहे, असे कळते. अर्ज तांब्याखाली असून त्यावर शेरा नाही. अर्जदाराकडून विचारणा नाही. प्रकरण प्रलंबित आहे.