खानदानी बकरीचं कातडं

जत्रेची जुनी हलगी फाटली. बायजाक्का तिच्यावर नवं कातडं चढवायला बसली, तोच गावचे सरदार भुजंगराव येऊन गरजले, "कातडं खानदानी बकरीचंच हवं! नाहीतर हलगी वाजवायचा मान तुमच्या घरातून गेलाच समजा."

जत्रेच्या दिवशी बायजाक्का हलगी घेऊन हजर. "सरकार, मिळालं! पण बकरी फार मानी होती हो. साध्यासुध्या माणसाची थाप तिचं कातडं सोसत नाही. तिच्या तोलाचं घराणं गावात एकच, आपलं." असं म्हणून तिने हलगी सरदारांच्याच गळ्यात अडकवली.

हलगी वाजल्याशिवाय देवाची पालखी हलायची नाही, ती खोळंबली. अख्खा गाव बघत राहिला. सरदार घामाघूम झाले. "काढ ही गळ्यातून! कुठल्याही बकरीचं चालेल!"

"मग हे तसलंच आहे, सरकार," म्हणत बायजाक्काने हलगी परत घेतली आणि कडाडून वाजवली.