हुश्श म्हणणारं कुरण

एक होता राजा. त्याला गाईंचं भारी वेड. राजवाड्यासमोरच्या कुरणात सातशे गाई डोळे भरून बघितल्याशिवाय तो न्याहारीला बसायचा नाही. म्हणून गाई बारा महिने तिथंच. मग काय झालं, खुरांनी चेपून चेपून जमीन अशी घट्ट झाली, की गवत उगवेचना. गाईंच्या फासळ्या दिसायला लागल्या.

त्या राखायची येसाबाई. तिची स्वतःची एकच गाय, मोरी. मोरीला दूध उतरेना. तिचं एवढंसं वासरू उभं राहताना लटपटायचं. येसाबाईचं काळीज तुटायचं, बरं का.

मग राजानं पाणी सोडलं. ते वरच्यावर ओढ्यात गेलं. मग बी फेकलं. ते चिमण्यांनी टिपलं. मग शेणखत पसरलं, ते वाऱ्यानं नेलं. नांगरावं, तर पणजोबांची आण होती, गाईंचं कुरण कधी नांगरायचं नाही.

मग येसाबाईनं जमिनीला कान लावला. आतून दमलेला आवाज आला, "बाई गं, जीव कोंडलाय माझा. सगळे माझ्याच अंगावर उभे, आणि मलाच विचारतात, का देत नाहीस?"

येसाबाई तडक राजाकडे गेली. "महाराज, गाई डोंगरापलीकडे धाडा. लांब आहे, पण चारा आहे. आणि पहार घ्या हातात."

"मग मला गाई दिसायच्या कशा?"

"बघायच्यात, की जगवायच्यात?"

राजा रडला हो! पण गाई निघाल्या. वासराला चालवेना, ते राजानंच खांद्यावर घेऊन डोंगरापार सोडलं.

मग परत येऊन त्यानं पहार मारली. माती उलटायची नाही हं, नुसतं खोल भोक पाडायचं. तळहाताला फोड आले. पहिल्या भोकातून आवाज आला, "हुश्श!" दुसऱ्यातून, "हुश्श!" तिसऱ्यातून तर गार वारा आला. मग अख्खं गाव पहारी घेऊन धावलं.

पुढे पाऊस पडला, तो वाहून गेला नाही, आत मुरला. गवत गुडघ्याला लागलं. गाई आल्या. पण आता चार दिवस चरायच्या, की महिनाभर डोंगरापलीकडे. राजा रिकामं कुरण बघून न्याहारी करायला शिकला. आणि वासरू? ते येसाबाईलाच ढुशा द्यायला लागलं! सगळी सुखात राहिली.

झालं. आता उठा बघू दोघं माझ्या मांडीवरून, पायांना मुंग्या आल्यात.

हुश्श! निजा आता.