उभ्यांचे शेत

मंडळी, कुसरवाडीच्या तळ्याखालचे हे शेत आजूबाजूच्या शेतांपेक्षा चांगले हातभर उंच आहे. सातबाऱ्यावर नाव काहीही असो, गाव त्याला ‘उभ्यांचे शेत’ म्हणते.

फार वर्षांपूर्वी श्रावणात सात दिवस पाऊस हटला नाही, असे सांगतात. तळे काठोकाठ भरले, बांधाला चीर पडली. बांधातल्या मोरीचा लाकडी दट्ट्या उपसला की पाणी निघून गेले असते. पण पाण्याच्या वाटेत हैबतीचे भाताचे शेत होते. शिवाय दट्ट्याला पाटलाखेरीज कोणी हात लावायचा नाही, असा दंडक. आणि पाटील नेमके सासुरवाडीला पाहुणचार झोडत होते! सारे गाव बांधावर हाताची घडी घालून उभे.

त्यात टोपल्या विणणारी सारजा बुरडीणही होती. दट्ट्या काढला तर हैबतीची चूल विझणार, नाही काढला तर वाडी वाहून जाणार. शेवटी ती पाण्यात उतरली आणि तिने दट्ट्या उपसला. वाडी वाचली. हैबतीचे भात मात्र मातीसकट गेले, खालचा खडक उघडा पडला.

पाटील परतले, चावडी भरली. “हिला गावाबाहेर काढा,” हैबती कडाडला. पाटलांनी एकेकाला विचारले, “तू काय केलंस रं?”

“म्या काय बी न्हाई केलं, नुस्ता हुबा व्हतो,” जो तो छाती काढून सांगू लागला. हैबतीही तेच बोलून गेला.

आपले गाव सुटणार, हे सारजाला दिसत होते. पण गप्प बसवेना.

“दट्ट्या म्याच काढला. वाडी वाचली म्हून हैबतीदादांचं नुकसान भरत न्हाई. शेतात मातीची पहिली टोपली माझी. पन पाटील, ह्ये समदे हुबे व्हते, त्येंच्या टोपल्या कुनी वाहायच्या?”

मग म्हणे पाटलांनाच हसू फुटले. “आन मी तिकडं जेवत व्हतो. दुसरी टोपली माझी!”

सारजाने टोपल्या विणल्या, गावाने माती वाहिली. हैबतीलाही स्वतःच्याच शेतात टोपली रिती करावी लागली, तेव्हा तोही हसला.

आजही श्रावण सरला की घरटी एक टोपली माती इथे पडते. पहिली बुरुडांच्या घरची. आजही या बांधावर हाताची घडी घालून उभा दिसेल त्याच्या हाती टोपली देतात, मग तो पाहुणा का असेना. आणि ‘आम्ही नुसते बघायला आलो होतो’ असे म्हणणाऱ्याला दोन.